तीच पुस्तकं, वेगळे निष्कर्ष

गिरगावातल्या जुन्या जागा दाखवत मी लोकांना फिरवतो. प्रार्थना समाजाच्या मंदिरापाशी आलो की कुणीतरी विचारतंच, "एवढी शिकलेली, विचार करणारी माणसं, मग देवाबद्दल त्यांचं एकमत का नाही झालं?" विचारणाऱ्याला बहुधा एक बाजू मूर्ख ठरवून हवी असते. कुठली, ते आवाजावरून कळतं.

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा नावाची गुप्त मंडळी होती. जात मोडायची, तर सभासद होताना ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खायचा. (आज वडापाव खाताना हे कुणाला पटणार नाही.) सभासदांची यादी फुटली आणि सभा मोडली. तिच्यातल्या काहींनी 1867 मध्ये आत्माराम पांडुरंगांबरोबर प्रार्थना समाज काढला: देव एक, मूर्ती नाही. सभेतलेच बाबा पदमनजी त्याआधी, 1854 मध्येच, ख्रिस्ती झाले होते. पाव सगळ्यांनी एकच खाल्ला होता.

यावर लोक म्हणतात, वाचन वेगळं असेल. तसंही नाही. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजातले मित्र. मिल, स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ दोघांनी वाचले. आगरकर अज्ञेयवादाकडे, म्हणजे देव आहे की नाही हे कळूच शकत नाही या मताकडे गेले. टिळकांनी त्याच मिल-स्पेन्सरशी वाद घालत 1915 मध्ये 'गीतारहस्य' छापलं.

मला वाटतं, माणूस आधी कुठल्या प्रश्नाशी अडला, त्यावर बरंच ठरतं. आगरकर पुराव्यापाशी अडले. टिळकांना कर्म का करायचं, हे हवं होतं. आणि बाबासाहेब? 1907 मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. हिंदू म्हणून मरणार नाही, हे येवल्यात सांगितलं 1935 मध्ये, आणि दीक्षा घेतली 1956 मध्ये. मधली एकवीस वर्षं हा माणूस धर्म तपासत होता. त्यांची कसोटी देव आहे की नाही ही नव्हतीच. माणसाला माणूस म्हणून वागवतो का, हे त्यांनी प्रत्येक धर्माला विचारलं. निरीश्वरवादी असूनही त्यांना धर्म हवा होता. हे आमच्याकडच्या कट्टर नास्तिकांना आणि कट्टर आस्तिकांना सारखंच अडचणीचं जातं.

म्हणून सगळ्यांचंच खरं, असं मात्र मी म्हणत नाही. देव असेल किंवा नसेल, दोन्ही एकदम कसं? फक्त समोरचा चुकलाय म्हणजे त्याने विचारच केला नाही, हे अनुमान आळशी आहे.

पुढचा प्रश्न ठरलेला: "तुमचं काय?" मी देव मानत नाही. पुरावा मिळत नाही म्हणून. पण मला देवळाच्या पायरीवर कधी कुणी अडवलं नाही, पाणी वरून ओतलं नाही. पुराव्याचा विचार करायला मी मोकळा होतो. तेव्हा तो प्रश्न मला आधी सुचला यात माझी बुद्धी किती आणि माझं आडनाव किती, हे मी अजून नीट वेगळं करू शकलेलो नाही.