टॅपेट नव्हतंच

जुन्या गाडीच्या बोनेटखालून टकटक आली की आमच्या इंदूरमधले बहुतेक मेकॅनिक पहिलं वाक्य एकच बोलतात, "टॅपेट बोल रहे हैं, दीदी." दुसरं त्याला चिकटूनच येतं, "इंजन खोलना पड़ेगा." टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह ढकलून उघडणारे छोटे भाग. या दोन वाक्यांच्या मधलं काम, म्हणजे आवाज नेमका कुठून येतो ते शोधणं, करायला मात्र कुणाला सवड नसते. या घाईपायी चांगल्या चालत्या गाड्या भंगारात गेलेल्या मी पाहिल्यात आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून माझ्या गाडीचा आवाज कसा सापडला ते सविस्तर लिहून ठेवतेय.

गाडी मर्सिडीजची ई २२०, मॉडेल १९९६चं. डब्ल्यू १२४ म्हणतात ती. मर्सिडीजनं १९९५मध्ये पुण्यात गाड्या जुळवायला सुरुवात केली ती याच गाडीपासून. महूच्या एका निवृत्त फौजी अधिकाऱ्यांकडून मी ती घेतली. सर्व्हिसची वही पहिल्या पानापासून भरलेली, टूलकिट जागच्या जागी. इंजिन पेट्रोल, २१९९ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. एवढं वय होऊनही सिग्नलला उभी असली की इंजिन चालू आहे की बंद हे मीटरकडे बघूनच कळतं. अशा गाडीत टकटक सुरू झाली की ती कानाला लागतेच.

डिसेंबरात ती सुरू झाली. ज्या गॅरेजमध्ये दाखवली तिथं बोनेट उघडून, दोनदा रेस देऊन निकाल लागला: सोळाच्या सोळा टॅपेट बदला, आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडतोच आहोत तर हाफ इंजिन, म्हणजे आतली निम्मी दुरुस्तीही, करून टाकू. आधी "टॅपेट सेट करून बघू" असंही म्हणून झालं होतं. तिथंच मी गाडी परत घेतली. मारुती ८०० किंवा अ‍ॅम्बॅसडरच्या टॅपेटला स्क्रू असतो, फीलर गेज घालून गॅप बसवता येतो. माझ्या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत. प्रत्येक टॅपेटच्या पोटात एक छोटा पिस्टन, एक स्प्रिंग आणि तेल आत घेऊन परत न सोडणारी एक गोळी असते. तेलाच्या दाबानं तो स्वतःच गॅप भरून काढतो. सेट करायला तिथं काही नसतंच. जो माणूस हे टॅपेट सेट करायला निघालाय त्याच्या हातात हेड द्यायचं नाही, एवढं मला पुरेसं होतं.

मग रामबागेत, घरासमोरच, मी आणि माझा भाचा कामाला लागलो. मी बोनेटपाशी, तो सीटवर. "मावशी, किती रेस देऊ?" हे तो इतकं विचारायचा की शेवटी बोटांच्या खुणा ठरवल्या. तुम्ही करणार असाल तर आधी ओढणी काढून ठेवा आणि केस घट्ट बांधा, पंखा आणि बेल्ट कुणाची वाट बघत नाहीत. आणि हे सगळं उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत बसणं जिवावरचं आहे, विशेषतः धूर कुठून तरी गळत असण्याची शंका असेल तेव्हा.

पहिल्यांदा डिपस्टिक. तेल कमी असेल तर टॅपेट बोलतात हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त असलं तरी बोलतात, हे फार लोकांना माहीत नसतं. पातळी खुणेच्या वर गेली की फिरणारा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, तेल घुसळतो, तेलात फेस होतो आणि फेस दाबला जातो, म्हणून टॅपेट घट्ट राहत नाही. "अर्धा लिटर ज्यादा डाल दिया, अच्छा रहेगा" असं प्रेमानं सांगणाऱ्यांपासून सांभाळा. माझी पातळी दोन खुणांच्या बरोबर मधे होती.

मग तेलाचा दाब. या गाडीत त्याचं काटा असलेलं मीटर समोरच आहे, शून्य ते तीन बार. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला काटा एकच्या वर आणि जरा रेस दिली की लगेच तीनवर जाऊन टेकलेला. सेन्सरवर विश्वास नको म्हणून एका ओळखीच्या उस्तादांकडून नळीवालं मेकॅनिकल गेज जोडून पाहिलं, तेही जुळलं. म्हणजे बेअरिंग झिजून तेल सैल सुटतंय असं नाही. हाफ इंजिनची भीती इथं निम्मी संपली.

आता वेळ. गाडी रात्रभर थंड पडू दिली आणि सकाळी सेल्फ मारल्यापासून ऐकत राहिले. तेव्हा कळलं की आवाज एक नाही, दोन आहेत. स्टार्ट झाल्याबरोबर वरून, कॅम कव्हरखालून (टॅपेट दाबणारा कॅमशाफ्टचा दांडा तिथं असतो), बारीक टिकटिक आणि ती काही सेकंदांत बंद. हा खराच टॅपेट. गाडी उभी असताना जे व्हॉल्व्ह उघडे राहतात त्यांच्या टॅपेटवर स्प्रिंगचा दाब असतो, त्यातलं तेल हळूहळू निघून जातं आणि पंपाचं तेल पोचेपर्यंत ते वाजतात. एवढ्या वयाच्या इंजिनात हे चालायचंच. दुसरा आवाज जाडसर, जरा कोरडा, टक-टक-टक. तो राहिला. रेस दिली की वाढायचा, गिअर टाकून ब्रेकवर धरली की आणखी वाढायचा, आणि पाण्याचं तापमान वर चढलं की विरत विरत नाहीसा व्हायचा. गॅरेजमध्ये गाडी पोचेपर्यंत हा आवाज जवळजवळ संपलेला असायचा हे तेव्हा लक्षात आलं. तिथं मेकॅनिकनं ऐकलं ते पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं नेहमीचं टिकटिकणं असणार.

त्यानंतर मोजणी. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. तबल्यात ठाय आणि दुगुन असते तसं हे नातं, कधी न चुकणारं. आरपीएमचा काटा ८००वर असेल तर कॅमशी जोडलेला आवाज मिनिटाला ४०० वेळा यायला हवा आणि क्रँकशी जोडलेला ८०० वेळा. इतकं कानानं मोजता येत नाही. म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि पाव वेगानं ऐकलं. मग हिशेब सोपा होतो: १०० की २००. पंधरा सेकंदांत पंचवीस टक मोजले, म्हणजे मिनिटाला १००. आवाज निम्म्या लयीचा. हा शेवटचा निकाल नव्हे हे मात्र सांगायला हवं. टॅपेट निम्म्या लयीत वाजतो, पण एका सिलिंडरचा जळालेला गॅस कुठून फुटत असेल तर तोही दोन फेऱ्यांत एकदाच फुटणार. पिस्टन थंडीत सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो तो आवाजही पॉवर स्ट्रोकलाच जास्त असतो आणि गरम झाल्यावर तोही कमी होतो. तरी वर्तुळ लहान झालं.

ते आणखी लहान केलं इंजेक्टरनं. इंजिन थंड आणि आवाज चालू असताना एकेका इंजेक्टरचा विजेचा प्लग काढायचा, ऐकायचं, परत लावायचा. जुने उस्ताद स्पार्कप्लगची वायर ओढून हेच करतात, पण तसं केलं की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो खराब होतो. शिवाय झटका बसतो तो वेगळाच. इंजेक्टर काढला की पेट्रोलच येत नाही. पहिला काढला, इंजिन थरथरलं, टकटक तशीच. दुसरा, तसंच. तिसरा, तसंच. चौथा, अगदी मागचा, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, लागून असलेला, काढला आणि टकटक गेली. भाचा सीटवरून ओरडला, "मावशी, बंद झाला!" त्या क्षणी टॅपेटचा विषय माझ्यापुरता मिटला. टॅपेटला पेट्रोल जळतंय की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं, कॅम फिरतोय तोवर तो वाजणारच. सिलिंडर बंद केल्यावर जो आवाज जातो तो जळण्याच्या दाबातून आलेला असतो.

आता उरलं तीनपैकी एक: चौथ्याचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडतो तो), पिस्टन, किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळालेला गॅस सायलेन्सरकडे नेणारे पाइप. रॉडचा ठोका गरम झाल्यावर वाढतो, कमी होत नाही, आणि दाबाचा काटाही चांगला होता. तो गेला. पिस्टन की मॅनिफोल्ड हे कानानंच ठरवायचं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक धातूवर आणि मूठ कानामागच्या हाडावर, ही जुनी पद्धत. धातूतून येणारा ठोका त्यात ठळक येतो. कॅम कव्हरवर टेकवला, शांत. ब्लॉकवर चौथ्या सिलिंडरपाशी टेकवला, जरासं, पण जवळ गेल्यासारखं नाही. मग स्क्रूड्रायव्हर ठेवून रबरी नळी घेतली, एक टोक कानात आणि दुसरं मोकळं, कशालाही न टेकवता मॅनिफोल्डच्या कडेनं फिरवत नेलं. चौथ्या पोर्टपाशी, म्हणजे चौथ्या सिलिंडरचा गॅस जिथून बाहेर येतो तिथं, आल्यावर कानात अक्षरशः थपडा बसायला लागल्या. फट-फट-फट. बाहेर टक ऐकू येत होती ती आत हवेची फुंकर होती. आवाज धातूतून नाही तर हवेतून येत होता.

इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावर, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाहिलं. पोर्टच्या खालच्या कडेला हेडच्या अ‍ॅल्युमिनियमवर काजळीचा पट्टा होता, पंख्यासारखा पसरत गेलेला. आणि त्याच्या मधोमध जिथं नट असायला हवा तिथं काहीच नव्हतं. नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, म्हणजे स्टडच तुटून गेला होता.

खात्रीसाठी एक शेवटचं. घरच्या व्हॅक्युम क्लीनरची नळी हवा फेकणाऱ्या बाजूला लावली, दुसरं टोक सायलेन्सरच्या तोंडाला कापड गुंडाळून बसवलं आणि मॅनिफोल्ड आणि हेडमधल्या पॅकिंगच्या कडेला साबणाचं पाणी मारलं. चौथ्या पोर्टखाली लगेच बुडबुडे. बाकी तिन्ही कोरडे. गरम झाल्यावर आवाज का जायचा तेही आता उघड होतं: लोखंड तापून फुगतं आणि फट स्वतःच बुजते.

दुरुस्ती उस्तादांनी केली. सगळ्या नटांवर आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवलं, कारण स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम इतकी वर्षं एकत्र तापले-निवले की एकमेकांना सोडत नाहीत. मॅनिफोल्ड उतरवल्यावर तुटलेल्या स्टडचा तुकडा हेडच्या बाहेर जेमतेम डोकावत होता. त्यांनी त्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंगनं भरला, तो लाल होऊन काळा पडेपर्यंत थांबले आणि मग पान्यानं आधी घट्ट करायच्या बाजूला किंचित, मग सैल करायच्या बाजूला, असं करत करत तो तुकडा अख्खा बाहेर काढला. आटे शाबूत. ड्रिल मारलं असतं आणि जरा तिरकं गेलं असतं तर हेडच उतरवावं लागलं असतं. मॅनिफोल्डवर पट्टी ठेवून पाहिली, मागचं टोक किंचित वाकलं होतं, म्हणून पोलोग्राउंडला एका वर्कशॉपमध्ये ते सपाट करून घेतलं. पॅकिंग दिल्लीच्या कश्मीरी गेटहून मागवलं. नट नवे, मधून बाहेरच्या दिशेनं कसत गेलेले, आणि इंजिन एकदा तापवून पूर्ण थंड झाल्यावर परत तपासलेले.

नंतर गाडी सिमरोलच्या पुढं भेरूघाटात नेली. चढावर, वरच्या गिअरमध्ये, काच उघडी, डोंगराची भिंत शेजारी. अशा जागी इंजिनाचा प्रत्येक आवाज भिंतीवरून परत येतो. टकटक नव्हती. सकाळची ती काही सेकंदांची टिकटिक अजून आहे आणि राहील, तिच्यासाठी मी काही करणार नाही. इंजिन फ्लश, म्हणजे आतला गाळ धुऊन काढणारं औषध, टाका असा सल्ला मिळतो. जुन्या इंजिनात चेंबरला, म्हणजे तळाशी तेल साठतं त्या भांड्याला, चिकटलेला गाळ एकदम सुटला तर तो तेल ओढणाऱ्या जाळीत जाऊन बसू शकतो आणि मग दाबच जातो. वेळेवर तेल बदलणं हे जास्त भरवशाचं आहे.

एक आवाज मात्र शोधत बसू नका. ठोका खोल, जड असेल, इंजिन गरम झाल्यावर वाढत असेल आणि सोबत तेलाचा काटा खाली येत असेल, तर जिथं असाल तिथं इंजिन बंद करा आणि गाडी टो करून आणा. त्यात आणखी एक किलोमीटर चालवणंही महागात पडतं.

इंदूरमध्ये कुणाकडे अशी जुनी गाडी टकटकत असेल आणि इंजिन उघडायचा सल्ला मिळाला असेल, तर उघडण्याआधी मला एकदा ऐकू द्या. गाडी माझ्याकडे आणू नका, मीच सकाळी तुमच्याकडे येईन. रात्रभर तिला हात लावू नका, बोनेट बंद राहू द्या आणि सेल्फ मी आल्यावरच मारा.