नदी एकच, लायसन्स दोन

अमेरिकेत नदीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जायचं तर लायसन्स लागतं, आणि तेही राज्याराज्याचं वेगळं. आम्ही राहतो सिएटलला, म्हणजे वॉशिंग्टन राज्यात, त्यामुळे यलोस्टोन नॅशनल पार्कला लागून असलेल्या मोंटाना राज्यात गरवायला गेलो की आम्ही नॉन-रेसिडेंट, म्हणजे बाहेरचे. तिथं सलग १८० दिवस राहिलेलाच रेसिडेंट, बाकी सगळे पाहुणे आणि पाहुण्यांचे दर बरेच जास्त. आधी कॉन्झर्वेशन लायसन्स (हे मूळ लायसन्स, ते असेल तरच पुढचं मिळतं), मग फिशिंग लायसन्स आणि शिवाय एक पास, जो बाहेरून येणाऱ्या उपद्रवी शिंपल्या-गोगलगाई-पाणवनस्पती रोखायच्या कामासाठी असतो. गाडीवर बाहेरून आणलेली कायाक (वल्ह्याची छोटी होडी) असली तरी पाण्यात घालण्याआधी तपासणी करून घ्यावीच लागते.

एवढं सगळं घेतलं तरी यलोस्टोन पार्कात ते चालत नाही! यलोस्टोन नदी पार्कातून वाहत गार्डिनर गावाशी बाहेर पडते, गावाच्या खालच्या अंगाला मोंटानाचं लायसन्स आणि पार्कात शिरलात की पार्कचं परमिट. पार्कचे नियमही कडक, गांडूळ नाही, कुठलंच खरं आमिष नाही, फक्त नकली माशी किंवा ल्युअर (धातूचं-प्लास्टिकचं खोटं आमिष), गळाला उलटा काटा नको, शिसं नको, आणि तळाला नमदा लावलेले बूट घालून पाण्यात उतरायचं नाही कारण त्यात ओल राहते आणि एका नदीतली कीड दुसऱ्या नदीत जाते.

पण मला सगळ्यात पटलेला नियम तलावातला आहे. यलोस्टोन लेकमध्ये कटथ्रोट ट्राउट हा तिथला मूळचा मासा, जबड्याखाली लाल रेघ असते त्यावरून ओळखायचा, तो मिळाला की जिवंत सोडायचा. आणि लेक ट्राउट मिळाला तर सोडायचाच नाही, मारायचाच, खायचा नसेल तरी. हा बाहेरचा मासा तिथं १९९४ साली पहिल्यांदा सापडला आणि त्याने कटथ्रोट खाऊन संपवत आणले. कटथ्रोट अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढतो, तिथं अस्वलं, ऑस्प्रे (मासे खाणारा शिकारी पक्षी), पाणमांजरं त्यावर जगतात, लेक ट्राउट मात्र खोल पाण्यात राहतो, त्यांच्या हाती लागतच नाही. म्हणजे एक मासा गेला की अस्वलाचं पण पोट उपाशी. म्हणून हातात आलेला मासा कुठला हे ओळखता येणं फार महत्त्वाचं, मुलांना तर मी आधी फोटो दाखवून पाठ करून घेते.

लोक म्हणतात पाहुण्यांकडून जास्त पैसे कशाला, पण मला ते योग्य वाटतं. लायसन्सचा पैसा राज्याला मासे-वन्यजीवांच्या कामाशिवाय दुसरीकडे वळवता येत नाही, आणि १९५० च्या कायद्याने रॉड-रीलवर जो केंद्राचा टॅक्स बसतो तो वाटताना कुठल्या राज्यात किती जणांनी लायसन्स घेतलं हेही बघतात. आपल्याकडे कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात ना, तेही माशांच्या विणीसाठीच, त्यामुळे कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आणि एका राज्यात नियम मोडून लायसन्स गेलं तर बाकी जवळपास सगळ्या राज्यांत पण जातं, तसा त्यांच्यात करार आहे. आईबाबा व्हिजिटर म्हणून आले असतील आणि त्यांना मासे पकडायचे असतील तर त्यांचंही वेगळं काढा, आपल्या लायसन्सवर त्यांना चालत नाही. पार्कचं परमिट ऑनलाइन मिळतं, निघायच्या आधी प्रिंट काढून ठेवा, आत बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते.