काकांचा अंगठा

फोंड्याजवळच्या एका अशिलाच्या घरी मंगळवारी मी फक्त पिटिशनला जोडायचे फोटो काढायला गेलो होतो, आणि अजून ते डोक्यातून जात नाहीये.

ब्रेन हॅमरेजनंतर काका सात महिने कोमात. नाकात नळी, हॉलमध्येच खाट, दर दोन तासांनी काकी एकट्या त्यांची कूस बदलतात. एफडी काकांच्या एकट्याच्या नावावर. काकी नॉमिनी आहेत, पण नॉमिनीचा उपयोग माणूस गेल्यावर, हे लोकांना माहीतच नसतं. आणि आपल्या गोव्यात तर वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर सगळी मिळकत दोघांची, म्हणजे अर्धा वाटा काकींचाच, तरी बँकेला सही काकांची हवी आणि जागा विकायची तर दोघांच्याही सह्या.

कोमातल्या माणसाला पालक नेमायला धड कायदाच नाही. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट ॲक्ट आहे तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व अशांसाठी, त्यात काका बसत नाहीत. मग पर्वरीला हायकोर्टात रिट. २०२० मध्ये आपल्याच हायकोर्टाने मुंबईत अशाच एका बाईंना नवऱ्याचं पालक नेमलं, तो निकाल जोडतोय. डॉक्टरांचं सर्टिफिकेट, वारसांची ना-हरकत, जमिनीचे एक-चौदाचे उतारे हे सगळेच लावतात, मी डायपर, फीड, फिजिओची महिन्यामहिन्याची बिलंही लावतो, कोर्टाला खर्च डोळ्याने दिसला पाहिजे.

तर फोटो काढताना काकांच्या डाव्या अंगठ्यावर निळी शाई दिसली. तेलाने पुसलेली, तरी नखाच्या कडेला राहिलेली.

काकी रडायलाच लागल्या. "बँकेतल्या माणसानंच सांगितलं हो वकीलबाब, अंगठा घेऊन या, बघतो म्हणाला. डायपरपुरतेच पैसे हवे होते."

काकांची मूठ कायम आवळलेली असते. पुतण्याने एकेक बोट उघडून धरलं होतं. फॉर्म कपाटात होता, दिलेला नव्हता, ठसा पार फिसकटलेला. बँकवाले असं हळूच सुचवतात, उद्या भानगड झाली की हात वर करतात, आणि अडकते ती बाई.

फॉर्म आता माझ्या फाईलमध्ये आहे. अफिडेव्हिटमध्ये सांगितलं तर काकांचा भाऊ, ज्याने ना-हरकतीवर अजून सही केलेली नाही, तो हेच धरून बसेल. नाही सांगितलं तर काकींना शपथेवर अर्धंच बोलायला लावतोय मी. मसुदा तयार आहे, त्या एका परिच्छेदाची जागा तेवढी कोरी ठेवलीय.