सकाळी चालू, दुपारी बंद

काकांची तक्रार सरळ होती. "सकाळी एका सेल्फमधी चालू होते भाऊ. दुपारी कुठं थांबलो का झालं, मंग किती बी सेल्फ मारा. अन् संध्याकाळी जशीच्या तशी चालू! काहून होते असं?"

गाडी जुनी, पेट्रोलची, घाटंजीकडच्या एका खेड्यातली. माझं गॅरेज पांढरकवड्याला. काका मायला दर महिन्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेतात, तेही याच गाडीतून. दुसरीकडे कुणीतरी आधीच पेट्रोलचा पंप बदलला होता, प्लग बदलले होते. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याचे एवढे पैसे गेले आणि गाडी तशीच, हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. बियाण्याचे पैसे असतात ते.

टोचन करून आणली की माझ्याकडे ती मुकाट्याने चालू व्हायची. गार झालेली असायची ना. चालू गाडीत मी शोधणार काय? म्हणून काकांना सांगून ठेवलं, की आता बंद पडली तर ढकलू नका, ओढू नका, आहे तिथूनच मला फोन करा.

फोन आला तो नवतपात, भर दुपारी. पारा 45 च्या वर. स्कॅनर, मीटर, पाना-पक्कड पिशवीत टाकून मोटारसायकलने निघालो. काका मोहाच्या झाडाखाली बसलेले, माय मागच्या सीटवर, दारं सताड उघडी. रसवंतीवर थांबले होते, परत आले तर गाडी चालू होईना.

सेल्फ मारला. इंजिन दमात फिरत होतं, म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही ठीक. चावी ऑन केल्यावर पंप दोन सेकंद गुणगुणला आणि थांबला, तेही बरोबर. पण सेल्फ मारताना पंप एकदम गप्प. आधीच्या माणसाने इथेच पंपावर ठपका ठेवला असणार. मी एक प्लग काढून कॉइलला लावला, बॉडीला टेकवला, काकांना सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी नाही.

पेट्रोलही नाही आणि करंटही नाही. दोन्ही वेगवेगळी कामं एकाच वेळी बंद पडली, तर दोघांना हुकूम देणारा कुठेतरी अडलाय. हुकूम देतो ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आणि त्याला इंजिन फिरतंय हे कळतं क्रँक सेन्सरकडून. तो सिग्नल आला नाही तर ईसीयू पंप चालू ठेवत नाही, इंजेक्टर उघडत नाही, ठिणगीही देत नाही. स्कॅनर लावला. फॉल्ट कोड एकही नाही. पण लाइव्ह डेटा लावून सेल्फ मारला तेव्हा इंजिन डोळ्यांसमोर फिरत होतं आणि आरपीएमच्या जागी शून्य! या गाडीत सिग्नलच नसेल तर ईसीयू इंजिन उभं आहे असंच धरून चालतो, मग कोड कशाचा टाकेल?

खाली शिरलो. रस्ता असा तापलेला की पाठीखाली पोतं टाकावं लागलं. सेन्सर फ्लायव्हीलच्या बाजूला, दोन तारांचा, आत बारीक तांब्याच्या तारेची कॉइल असलेला. दातेरी चाकाचे दात त्याच्यासमोरून गेले की कॉइलमध्ये थोडंसं व्होल्टेज तयार होतं, तोच सिग्नल. (तीन तारांचा, हॉल प्रकारचा सेन्सर असता तर मीटरवर ओहम मोजून चाललं नसतं.) कनेक्टर काढून मीटर लावला. सर्किट ओपन, म्हणजे आतून करंट जायला वाटच नाही. काकांचा दुपट्टा माठातल्या पाण्यात भिजवून पिळला आणि फक्त सेन्सरवर गुंडाळून धरला. तापलेल्या ब्लॉकवर थेट पाणी कधी ओतू नये, तडा जाऊ शकतो. थोड्या वेळाने मीटरवरचे आकडे थरथरले आणि साडेपाचशे ओहमच्या आसपास येऊन थांबले. कनेक्टर बसवला, काकांनी सेल्फ मारला, गाडी चालू!

"पाण्यानं चालू झाली?" माय आतून म्हणाली.

आतली तार कुठेतरी तुटलेली होती. गार असताना टोकं टेकायची, तापून सगळं प्रसरण पावलं की सुटायची. आणि थांबल्यावरच का? चालत्या गाडीत हवा लागते, पाणी फिरतं. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतं आणि बॉनेटखालचं तापमान काही वेळ आणखी चढतं. रसवंतीवरचा तो वेळ सेन्सरला पुरायचा.

काका तसेच यवतमाळला निघायला तयार होते. मी जाऊ दिलं नाही. मायला घेऊन रस्त्यात पुन्हा अडकले असते तर? त्यांना ओळखीच्या जीपमध्ये बसवून दिलं आणि गाडी गॅरेजला आणली. सेन्सर दुसऱ्या दिवशी यवतमाळहून आला. एक बोल्ट, एक कनेक्टर, बस. जुन्याच्या टोकाला लोखंडाचा काळा चुरा चिकटलेला होता.

संध्याकाळच्या गारव्यात गाडी देण्यात अर्थ नव्हता. भर दुपारी फॅन लागेपर्यंत इंजिन तापवलं, बंद केलं, बॉनेट लावून वीस मिनिटं उन्हात उभी ठेवली. मग सेल्फ. चालू. पुन्हा तेच केलं, पुन्हा चालू.

जुना पंप काकांनी डिक्कीत फडक्यात बांधून ठेवला होता. थोड्या पेट्रोलमध्ये बुडवून, तारा पक्क्या जोडून, बॅटरी लांब ठेवून मी तो लावून पाहिला. झकास चालला. परत फडक्यात बांधून काकांच्या हातात दिला. म्हटलं, हा फेकू नका, चांगला आहे.