मालवणच्या हिरव्या पाण्यात बडोद्याचा कॅमेरा

बडोदेकराला पाणी म्हणजे सुरसागर, आजवा आणि पावसाळ्यात मगरींसकट दाराशी येणारी विश्वामित्री. त्यामुळे डिसेंबरात भाच्याला घेऊन मी मालवणला स्कूबा करायला निघालो, तेव्हा दांडिया बाजारातल्या घरी आईने एवढंच विचारलं, "पोहता तरी येतं का रे तुम्हाला?" भाच्याला येतं. मला लालबागेच्या स्विमिंग पूलमध्ये काठाला धरून जेवढं येतं तेवढं.

भानगड झाली ती कॅमेऱ्यावरून. "साहेब, फुल वॉटरप्रूफ छे!" म्हणत दुकानदार एकेक डबा पुढे सरकवत होता. हे 'फुल' किती मीटरपर्यंत, ते विचारल्यावर गडी डबा उलटा करून वाचायला लागला. विचारायचं तेच असतं. गोप्रोचे हीरो १२ सारखे कॅमेरे नुसते, म्हणजे हाऊसिंगशिवाय (बाहेरून चढवायच्या पाणबंद कवचाशिवाय), १० मीटरपर्यंत चालतात. डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ असाच १८ मीटर जातो, अ‍ॅक्शन ५ प्रो २० मीटर. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वर जेवढा असतो त्याच्या दुप्पट १० मीटरवर, तिप्पट २० मीटरवर. आणि हे आकडे रबर धड असलेल्या, दार घट्ट लागलेल्या कॅमेऱ्याचे. बॅटरीच्या दारात एक केस अडकला तरी खेळ खलास. म्हणून माझं मत सरळ आहे: डायव्हिंगला न्यायचा तर ६० मीटरचं हाऊसिंग घ्याच, मग पाणी सातच मीटर का असेना.

आम्ही अ‍ॅक्शन ४ घेतला. भाच्याला गोप्रो हवा होता. पण अ‍ॅक्शन ४ चा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, १/१.३ इंचाचा, हीरो १२ चा १/१.९ इंचाचा, कोकणातल्या गढूळसर, कमी उजेडाच्या पाण्यात मोठा सेन्सर मदतीला येतो. दिवसाउजेडी सायकलवर लावायचा असता तर मी वाद घातला नसता.

हाऊसिंग आल्याबरोबर कॅमेरा आत घालू नका. आम्ही आत नुसता टिश्यू पेपर ठेवला आणि बादलीत बुडवलं. रिकामं हाऊसिंग बुडत नाही, म्हणून वर पाण्याने भरलेला पितळी तांब्या ठेवला. तासाभराने टिश्यू कोरडा निघाला, मगच पुढचं. नंतर कॅमेरा घालून पूलमध्ये दोन सकाळी सराव केला. तिथे कळलं की बोटाने स्क्रीन चालवायची सवय विसरायची. हाऊसिंगमध्ये फक्त बटणं. सगळी सेटिंग बोटीत बसण्याआधी लावायची: ४के, सेकंदाला ३० फ्रेम, दृश्य रुंद. सपाट काचेतून पाण्यात सगळं जवळ आणि मोठं दिसतं, त्यामुळे रुंदच ठेवलेलं बरं.

बडोद्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथे दिवस नातेवाइकांकडे काढून दादरहून मध्यरात्रीची तुतारी एक्स्प्रेस, सकाळी कुडाळ, पुढे रिक्षा. लिलो चिवडा पनवेलच्या आत संपला. तिकीट आधी काढा, डिसेंबरात कोकण रेल्वेवर जागा मिळणं म्हणजे लॉटरीच.

स्कूबाच्या बोटी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास थांबतात. महाराजांनी १६६४ ते १६६७ च्या दरम्यान कुरटे बेटावर बांधलेला तो किल्ला, आणि त्याच्या तटाखाली खडकांवर पोवळी. पहिल्या दिवशी जेटीवर, दमट हवेत, घाईघाईत हाऊसिंग बंद केलं. खाली गेल्यावर कॅमेरा चालू राहून आतून गरम झाला, बाहेरून पाणी गार, आणि काचेला आतून घाम फुटला. दहा मिनिटांचं धुकं घेऊन वर आलो. दोष कोणाचा नाही, माझाच. दुसऱ्या दिवशी लॉजवर एसी लावलेल्या खोलीत, ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी आत सरकवून हाऊसिंग बंद केलं आणि बोटीत ओल्या टॉवेलखाली सावलीत ठेवलं. धुकं आलं नाही.

मग रंगाची गंमत. पाणी लाल रंग सर्वात आधी गिळतं. पाचेक मीटरवरच तो फिका पडायला लागतो. म्हणून लोक लाल फिल्टर लावतात, मीही लावला. पण तो निळ्या, नितळ पाण्यासाठी. मालवणचं पाणी हिरवट. सहा-सात मीटरवर लाल फिल्टरने उजेड तेवढा खाल्ला आणि काळ्या पट्ट्यांचे पिवळे मासे चहात बुडवल्यासारखे दिसले. हिरव्या पाण्याला मॅजेंटा फिल्टर लागतो. तो नसेल तर फिल्टर काढून ठेवा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला मानायचा ते कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग, एका ठिकाणी पक्का करा. ऑटोवर ठेवला तर माणूस वळला की रंग बदलतो. आणखी एक, विषयाच्या जवळ जा. हातभर अंतरावरून जे निघतं ते तीन मीटरवरून कुठल्याही कॅमेऱ्याने निघत नाही, कारण मधे पाण्यातला सगळा कचरा येतो.

आता न पटणारा सल्ला. पहिल्यांदाच पाण्यात जात असाल तर कॅमेरा हातात घेऊच नका. मी खाली दाबाने दडे बसलेले कान मोकळे करायचे विसरून बटण शोधत बसलो. आमच्या प्रशिक्षकाने माझं मनगट धरून वर आणलं आणि बोटीत म्हणाला, "दादा, तो कॅमेरो माका दिया, तुमी नुसते बघा." दुसऱ्या दिवशी त्याने घेतलेलंच चित्रीकरण आज घरी दाखवतो. बहुतेक जण तिथे पर्यटकांचं चित्रीकरण करून देतात; पैसे वेगळे की त्यातच, हे बोटीत बसण्याआधी बोलून घ्या. भाच्याने स्वतः कॅमेरा धरला, पण मनगटाला दोरी बांधून. कॅमेऱ्याला लावायची तरंगणारी पिवळी मूठ स्नॉर्केलिंगला, म्हणजे नळीने श्वास घेत वरवर पोहायला, छान. खाली ती हात सतत वर ओढते, दमायला होतं.

वर आल्यावर हाऊसिंग न उघडता अर्धा तास गोड्या पाण्याच्या बादलीत, आणि पाण्यातच सगळी बटणं दहा-दहा वेळा दाबायची. आम्ही पहिल्या दिवशी नुसतं नळाखाली धरलं. बडोद्याला येईपर्यंत एका बटणाखाली मिठाचा पांढरा थर जमून ते अडकायला लागलं होतं.

आता भाचा फेब्रुवारीत अंदमानात, स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटरचा कोर्स करायला निघालाय. तिथे १८ मीटरपर्यंत जातात आणि पाणी निळं, तेव्हा लाल फिल्टर त्यालाच देऊन टाकला. परतीचं तिकीट त्याने शेवटच्या डायव्हच्याच संध्याकाळचं काढलं होतं. अनेक डायव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, ते सांगितल्यावर म्हणाला, "मामा, एक दिवस वाढला म्हणजे हॉटेलचे पैसे तू देणार ना?"