सिंहगड टेरेन, नोंद ९: घोरपड आधी सर्व्हरबाहेर, मग कड्यावर

आर्मा ३ या लष्करी गेमसाठी मी सिंहगडाचं टेरेन, म्हणजे खेळायचा भूभाग, करतेय. शुक्रवारी रात्री साडेदहाला त्याचा भाड्याचा डेडिकेटेड सर्व्हर पहिल्यांदा सगळ्यांसाठी उघडला आणि पाच मिनिटांत चौदाच्या चौदा जण बाहेर फेकले गेले. स्क्रीनवर एकच ओळ: बॅटलआय, स्क्रिप्ट रिस्ट्रिक्शन ४१. बॅटलआय म्हणजे गेममधल्या फसवेगिरीवर (चीटवर) पहारा ठेवणारा प्रोग्राम. कुणी कड्याला हातसुद्धा लावला नव्हता. जो आत येत होता तो लोडिंग संपता संपता किक होत होता. आठ महिन्यांचं काम घेऊन मी रिकाम्या सर्व्हरवर एकटी उभी होते, देवटाक्यापाशी, चांदण्यात. दिसत मात्र फार सुंदर होतं, हे नोंदवून ठेवते.

आधी कड्याचं थोडक्यात. मागच्या नोंदीत सांगितलं तसं डोणागिरीचा कडा दर ३० मीटरला एक उंची देणाऱ्या एसआरटीएम या अवकाशातून मोजलेल्या डेटामधून कधीच उभा राहणार नव्हता. २०४८ बाय २०४८ चा हाइटमॅप (उंचीच्या आकड्यांची जाळी), ५ मीटरची सेल, म्हणजे १०.२४ किलोमीटरचा चौकोन. त्यात एका ठिकाणी एकच उंची बसते, त्यामुळे खरा कडा उतारासारखा लोळतो. आता कड्याचा अख्खा पट्टा मी ब्लेंडरमध्ये केलेल्या बारा खडकांनी उभा केलाय. आर्माचे मूळचे खडक ग्रीसचे आहेत. ते पांढरट दगड आपल्या गडावर ठेवले की गड परका दिसतो. आपला बेसॉल्ट थरावर थर असा बसलेला असतो, मध्ये मध्ये पायरीसारखी टप्प्याची जागा सुटते. ते आडवे पट्टे टेक्स्चरमध्ये आणि आकारात दोन्हीकडे आलेत. संध्याकाळी सहाच्या उन्हात तो पट्टा बघताना घशात काहीतरी दाटून आलं. जॉमेट्री लॉडचे, म्हणजे मॉडेलच्या ज्या थराला खेळाडू धडकतो त्याचे, बहिर्गोल तुकडे करायला मात्र तीन आठवडे गेले. केलेल्या फाइल्स पीबीओ नावाच्या गठ्ठ्यात बांधणारा पीबीओप्रोजेक्ट हा प्रोग्राम प्रत्येक चुकीला अडून बसतो म्हणून काहींना नकोसा वाटतो. मला तो त्यासाठीच हवा. घरी अडलेलं बरं, सर्व्हरवर अडण्यापेक्षा.

आता मूळ दुखणं.

आर्मा ३ मध्ये सैनिकाला कडा चढता येत नाही. बुटक्या भिंतीवरून पाय टाकेल, बस्स. कोंढाण्याच्या टेरेनवर कडा चढता येत नसेल तर ते टेरेन कशाला करायचं? म्हणून नोंद ५ पासून ‘यशवंती’ (कथेतल्या घोरपडीचं नाव) स्क्रिप्ट चालू आहे: कड्याच्या पायथ्याशी ॲक्शन मेनू येतो, दोर लागतो आणि दर फ्रेमला खेळाडूची जागा थोडी थोडी वर सरकते. सरकवण्याचं काम सेटपॉसएएसएल ही कमांड करते. माझ्या मशीनवर होस्ट करून आम्ही चौघं पन्नासदा चढलो असू, कधी अडलं नाही, कारण माझ्याकडे बॅटलआयचे फिल्टर नव्हतेच. भाड्याच्या सर्व्हरवर ते आधीपासून भरून येतात.

फिल्टर कसे चालतात ते नव्यांसाठी दोन ओळीत. स्क्रिप्ट्स नावाच्या फाइलमध्ये ओळीगणिक एक शब्द असतो आणि त्याच्या आधी एक आकडा. १ असेल तर फक्त लॉग, ७ असेल तर लॉग करून किक. खेळाडूच्या मशीनवर चालणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टमध्ये तो शब्द सापडला की कारवाई. स्क्रिप्ट कुणाची, कशासाठी, हे बघितलं जात नाही.

माझ्या पहिल्या तीन रात्री वाया गेल्या त्या ४१ या आकड्यापायी. मी ४१ वी ओळ उघडली, तिथे भलताच शब्द होता. तो काढला. तरी किक. मग त्याच्या खालची ओळ. तरी किक. त्यातच पॅनेलवरून सर्व्हर रीस्टार्ट केला की भाड्याच्या सर्व्हरवाले आपली मूळ फाइल परत वर टाकत होते, त्यामुळे मी केलेला बदल टिकतोय की नाही हेच कळत नव्हतं. सपोर्टला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ‘कॅशे साफ करा’ असं उत्तर आलं. शेवटी पॅनेलच्या सेटिंगमध्ये कोपऱ्यात ‘फाइल्स पूर्ववत करा’ अशी खूण सापडली, ती काढली. आणि मग उलगडा झाला: मोजणी शून्यापासून असते आणि फाइलची पहिली ओळ ही नुसती शीर्षकाची असते, ती मोजतच नाहीत. म्हणजे संदेशातल्या आकड्यात २ मिळवायचे. ४३ वी ओळ. तिथे ठसठशीत ‘सेटपॉस’, आधी ७. भिंतीवर लिहून ठेवा: आकडा अधिक २.

ओळ सापडली. पण ती काढायची कशी? सेटपॉस मोकळा सोडला तर कुणीही कुठूनही कुठेही उडी मारेल. २०१२ मध्ये आर्मा २ वर डेझेड मॉड (मूळ गेमला जोडलेली भर) आलं तेव्हा जे खेळत होते त्यांना आठवत असेल: सर्व्हरवरचे सगळेच्या सगळे खेळाडू एका क्षणात आकाशात ओढले जायचे. ते करणारा चीट आणि माझी यशवंती, दोघांच्या हातात तीच कमांड. ती फाइल वाचताना मला पहिल्यांदा नीट कळलं की मॉड आणि चीट यांच्यातला फरक कोडमध्ये नसतो. तो खेळणाऱ्यांनी एकमेकांना दिलेल्या संमतीत असतो, आणि संमती यंत्राला वाचता येत नाही.

मग अपवाद लिहायला घेतला. बॅटलआयमध्ये दोन प्रकारचे अपवाद चालतात. एक तंतोतंत: ही अख्खी ओळ जशीच्या तशी असेल तर सोड. दुसरा सैल: ओळीत हा शब्द कुठेही असेल तर सोड. तंतोतंत अपवादाने काम झालं, पण मी स्क्रिप्टमध्ये एक स्पेस इकडची तिकडे केली की परत किक. दिवसाला दहा बदल करणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. म्हणून मंगळवारी मी सैल अपवाद टाकला: ओळीत ‘यशवंती’ असेल तर जाऊ दे. सगळे आत आले, सगळे चढले, रात्री एक वाजता बारा जण कल्याण दरवाजाशी उभे. मी आनंदाने सगळ्यांना फोटो काढायला लावले.

आमच्या गटातला नाशिकचा दोस्त मात्र गप्प होता. तो म्हणाला, “ताई, दोन मिनिटं ॲडमिन दे.” मी दिलं. त्याने डीबग कन्सोलमध्ये, म्हणजे चालू गेमला थेट आज्ञा देण्याच्या खिडकीत, एक ओळ टाकली, सरळ सेटपॉस, आणि त्याच ओळीत कुठेतरी ‘यशवंती’ एवढा शब्द. पुढच्या क्षणी तो पायथ्यापासून नाहीसा झाला आणि माझ्या शेजारी बुरुजावर दिसला. किक नाही. परवलीचा शब्द मी वेशीवरच लिहून ठेवला होता.

त्या रात्री आमचं बोलणं पहाटेपर्यंत चाललं. आमच्याच गटातल्या अमेरिकेतल्या दादाचं म्हणणं असं की ही सगळी कटकट कंपन्यांनी मॉडिंगच बंद केलं तर संपते, चीटर निम्मे होतील. मला हे अजिबात पटत नाही. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये हाफ-लाइफचं मॉड म्हणून आलं. डेझेड आर्मा २ चं मॉड. पबजी ज्याने उभा केला त्यानेही आधी आर्माचीच मॉडं केली होती. ही दारं बंद असती तर त्याच दादाने गेली दहा वर्षं काय खेळलं असतं? आणि चीटर काही मॉडच्या दारातून येत नाही. तो थेट मेमरीत हात घालतो. मॉडिंगला वावच नसलेल्या गेममध्येही आपोआप नेम धरणारे एमबॉट आहेत आणि भिंतीपलीकडचं दाखवणारे वॉलहॅकही. मॉड बंद केल्याने अडतो फक्त माझ्यासारखा माणूस, जो नावासकट समोर उभा आहे.

उलट ज्यांनी नीट विचार केला त्यांनी दारं वेगवेगळी केली. हेलोच्या मास्टर चीफ कलेक्शनमध्ये पीसीवर सुरू करतानाच विचारतात: अँटी-चीट चालू की बंद? बंद घेतलंत तर मॉड वापरा, पण मॅचमेकिंग मिळणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय लागला, तेव्हाही तो बंद ठेवून स्टोरी मोडमध्ये मॉड चालवायची सोय राहिली. ही वाटणी प्रामाणिक आहे. पण तिच्यात माझं भागत नाही, कारण मला दोन्ही एकत्र हवंय: मॉड, आणि तेही चौदा जणांबरोबर.

म्हणूनच मला आर्माची चावीची पद्धत सगळ्यात शहाणी वाटते. मी पीबीओवर डिजिटल सही करते, सही करायची प्रायव्हेट की माझ्याकडे, ती सही तपासायची बायकी सर्व्हरच्या कीज फोल्डरमध्ये. व्हेरिफायसिग्नेचर्स ही सेटिंग २ वर असली की ज्या पीबीओची सही सर्व्हरला मान्य नाही तो आत येत नाही. कुठलं मॉड चालेल हे प्रागमधली गेमची कंपनी ठरवत नाही, सर्व्हर ज्याचा तो ठरवतो. गावजत्रेत कुणाचं दुकान लागेल ते पंच ठरवतात तसं. मेमरीत हात घालणारा या सहीने थांबत नाही, त्याच्यासाठी बॅटलआय वेगळा आहेच. माझी एकच तक्रार आहे: सही एवढी पक्की असताना फिल्टरने सही असलेल्या पीबीओतल्या स्क्रिप्टलाही परक्यासारखं का वागवावं? सहीची ओळख फिल्टरपर्यंत पोचली असती तर माझे पाच दिवस वाचले असते. डेव्हलपरांनी मॉडिंगला आधार द्यायचा म्हणजे नुसती टूल्स द्यायची नाहीत, ही ओळखसुद्धा द्यायची.

तर, सैल अपवाद त्याच रात्री काढला. बुधवारचा बेत असा होता: हलवायचं काम खेळाडूच्या मशीनवर करायचंच नाही. खेळाडू रिमोटएक्झेक या कमांडने सर्व्हरला विनंती करेल, सीएफजीरिमोटएक्झेक या परवानगीच्या यादीत तेवढंच एक फंक्शन मोकळं, आणि सर्व्हर आधी बघेल की माणूस खरंच दोरापाशी आहे का, एका टप्प्यात दोन मीटरच्या वर तर मागत नाही ना. खोटं बोलायला जागाच ठेवायची नाही. पद्धत म्हणून हे बरोबरच आहे. पुण्यात सुरेख चाललं. दादाच्या २६० पिंगवर (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला २६० मिलिसेकंद) मात्र तो कड्यावर झटके खात चढत होता, मध्येच खडकात घुसत होता. चाळीस मीटरवर असं झालं की माणूस सरळ खाली जातो. गेलाच, चार वेळा.

इथवर लिहून मी काल थांबले होते. पुढचा परिच्छेद रिमोटएक्झेकचे झटके कमी कसे करायचे यावर असणार होता. तेवढ्यात खालून बाबांनी माळ्यावरचा बल्ब बदलायला शिडी धर म्हणून हाक मारली आणि शिडी धरलेली असताना डोक्यात लख्ख पडलं.

शिडी! आर्मात शिडी आहे. इंजिनची स्वतःची, पहिल्यापासून आहे. मेमरी लॉडमध्ये (मॉडेलमधल्या खुणेच्या बिंदूंचा थर) दोन बिंदू, कॉन्फिगमध्ये लॅडर्सची एक ओळ, आणि चढणं, उतरणं, ॲनिमेशन, नेटवर्कवरची जुळवाजुळव सगळं इंजिन करतं. एक ओळही स्क्रिप्ट नाही. सेटपॉस नाही म्हणजे फिल्टरला काही दिसणार नाही, अपवाद नको, परवलीचा शब्द नको. पीबीओवर माझी सही असली की झालं. पाच महिने मी खिडकीचे गज वाकवत होते आणि दार शेजारीच होतं.

रात्रभर बसून केलं. कडा मॉडेलमध्ये ४८ मीटरचा आहे आणि शिडी सरळच जाते, म्हणून बेसॉल्टच्या टप्प्यांवर थांबे घेत तीन शिड्या केल्या. उलट जास्त छान झालं, कारण आता टप्प्यावर उभं राहून मागच्याला वाट द्यावी लागते. दोर नुसता दिसायला, प्रॉक्सी (जोडलेलं वेगळं मॉडेल) म्हणून. पहिल्यांदा ॲक्शन मेनू आलाच नाही. खडकाला क्लास हाउस दिलं होतं, पण कॉन्फिगमधल्या क्लासचं नाव म्हणजे लँड, अंडरस्कोर आणि मॉडेल फाइलचं नाव असंच्या असं जुळावं लागतं, आणि मी फाइलला मागच्या आठवड्यात नवीन नाव दिलं होतं. तेही जुळवलं. मग वरचा बिंदू कड्याच्या काठापासून नेमका किती आत हवा, यात दीड तास गेला. थोडा कमी पडला तर माणूस शेवटच्या पायरीवरून मागे पडतो, जास्त झाला तर खडकात अडकतो. सध्या ३५ सेंटिमीटर आत, अर्धा मीटर वर. बाराही खडकांवर अजून तपासायचंय.

पहाटे साडेचारला दादाला उठवायची गरज नव्हती, त्याच्याकडे संध्याकाळ होती. २६० पिंगवर तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकही झटका न खाता चढला. सर्व्हरचे सगळे फिल्टर मूळचे, सेटपॉसच्या आधी ७ तसाच. लॉगमध्ये एक ओळ नाही. तो वर पोचला आणि काही न बोलता बराच वेळ खडकवासल्याच्या पाण्याकडे बघत उभा राहिला.

एक गमावलंय ते सांगते: शिडीवर हातात शस्त्र राहत नाही आणि मध्येच बाजूला सरकता येत नाही. यशवंतीत दोन्ही होतं. चालेल. कड्यावर लोंबकळणाऱ्या माणसाचे दोन्ही हात दोरावरच असतात.

पुढचं असं. या आवृत्तीसाठी नवी की केली आहे, जुनी बायकी कीज फोल्डरमधून काढा, नाहीतर जुने पीबीओ घेऊन कुणीतरी आत येईल आणि कडा त्याला वेगळा दिसेल. रिमोटएक्झेकचा कोड टाकून देत नाही. कल्याण दरवाजा उघडण्यासाठी तो लागणार आहे, तिथे सर्व्हरनेच ठरवलेलं बरं. आर्मा रिफोर्जर या नव्या गेमवर जायचा विचार दोन महिने पुढे ढकलला. ज्यांच्याकडे पुणे दरवाजाकडच्या बुरुजांचे पावसाळ्यातले फोटो असतील त्यांनी कृपया पाठवा, शेवाळाचा रंग अजून जमलेला नाही. शनिवारी रात्री साडेदहाला परत सर्व्हर उघडते. हेडफोन आणा, वरच्या टप्प्यावर वाऱ्याचा आवाज टाकलाय.