‘वरून आलं नाही’ म्हणजे नेमकं कुठून?

आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट ६४. ऑगस्टमध्ये बिल थकलं म्हणून शाळेची लाइट कापली. गावाने वर्गणी काढून घेतलेला टीव्ही तेव्हापासून जुन्या चादरीखाली झाकलेला. ढगाळ दिवसांत दुपारी तीनलाच पोरं वह्या घेऊन दारापाशी उजेडाला सरकायची. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष म्हणून मी मुख्याध्यापक सरांना विचारलं, तर म्हणाले, "ताई, अनुदानच पडलं नाही. खडू-कागदसुद्धा मी खिशातून आणतोय."

समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट ३१ ते १०० असेल तर वर्षाला २५,००० रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर, आणि उरलेल्यात वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, साहित्य, सगळं बसवायचं. म्हणजे रक्कम काही गुपित नव्हती. ती निघाली का, आणि निघाली असेल तर कुठे अडली, एवढंच मला हवं होतं.

केंद्रप्रमुखांनी पंचायत समितीकडे बोट दाखवलं. तिथले लिपिक म्हणाले, "वरून आलं नाही." वरून म्हणजे कुठून? "जिल्ह्यावरून." एक दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याला गेले. तिथे ऐकलं, "प्रक्रिया सुरू आहे, टप्प्याटप्प्याने होईल." लेखी अर्ज दिला, आवक शिक्का मारून पोच घेतली. महिन्याने पत्र आलं: ‘निधीच्या उपलब्धतेनुसार उचित कार्यवाही करण्यात येईल.’ त्यात ना तारीख, ना रक्कम, ना आमच्या शाळेचं नाव. एसटी स्टँडवर बसून मी ते तीनदा वाचलं आणि मला रडू आलं. चौसष्ट पोरांना मी घरी जाऊन काय सांगणार होते?

मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारलं, ‘आमच्या शाळेला अनुदान का मिळालं नाही आणि कधी मिळणार?’ अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं: माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. राग आला, पण चूक माझीही होती. या कायद्यात ‘का’ आणि ‘कधी’ विचारून काही हाती लागत नाही, दप्तरात असलेला कागद मागावा लागतो. हे मला तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी समजावलं. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, हेही त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या अर्जात मी दोनच गोष्टी मागितल्या. चालू आर्थिक वर्षात या अनुदानाबद्दल जिल्ह्याकडून तालुक्याला आलेल्या पत्रांच्या प्रती, आणि शाळानिहाय यादीतली आमच्या यू-डायस क्रमांकासमोरची (शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकासमोरची) नोंद. सात पानं, दोन रुपयांप्रमाणे चौदा रुपये भरून मिळाली. तिसऱ्या पानावर आमची शाळा होती. समोर १२,५०० रुपये, आणि शेऱ्याच्या रकान्यात तीन शब्द: ‘सही बदल प्रलंबित’.

आता पैसे थेट शाळेच्या खात्यात येत नाहीत, खर्चाची मर्यादा पडते, म्हणजे तेवढ्या रकमेपर्यंत खर्च करायची परवानगी मिळते. आमचे आधीचे मुख्याध्यापक जूनमध्ये बदलून गेले, नव्या सरांच्या सहीची नोंद प्रणालीत झालीच नव्हती, म्हणून रक्कम अडली. यादी तालुक्याला नोव्हेंबरमध्ये पोचलेली. डिसेंबरात मी पुन्हा विचारायला गेले तेव्हाही त्याच कार्यालयात मला ‘वरून आलं नाही’ हेच सांगितलं. फाइल तिथल्याच कपाटात होती. वर्षाची मर्यादा ३१ मार्चला संपते. मी कागद मागितला नसता तर ती रक्कम तशीच परत गेली असती, आणि आम्ही वरच्यांना दोष देत बसलो असतो.

यादीची प्रत आणि समितीचा ठराव घेऊन सर आणि मी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलासमोर उभे राहिलो. या वेळी कोणी ‘प्रक्रिया’ म्हटलं नाही. सहीचा बदल नऊ दिवसांत झाला. फेब्रुवारीअखेर वीजबिल भरलं, वायरमन आला, आणि पहिलीतल्या मुलीने टीव्हीवरची चादर स्वतः ओढून काढली.

उरलेले १२,५०० अजून आलेले नाहीत. त्यांच्याविषयी पुन्हा ‘उपलब्धतेनुसार’ असंच पत्र आलंय. मी त्या मंजुरीच्या पत्राची प्रत मागणारा अर्ज सोमवारी देतेय.